'माझ्याकडे काय आहे, ते मला ठाऊक आहे' : एका जुन्या पिकअप ट्रकची समीक्षा



अमेरिकेत जुना पिकअप ट्रक विकायला काढणाऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य इतक्या वेळा येतं, की आता तिकडे त्याची चेष्टा होते. वाक्य साधारण असं : 'उगाच भाव पाडून मागू नका, माझ्याकडे काय आहे, ते मला ठाऊक आहे.' आजच्या व्याख्यानाचं शीर्षक आम्ही तिथून उचललं आहे. फलकावर ते वाचून काहींना वाटलं असेल, की आज आत्मज्ञानावर चार शब्द कानी पडतील. (हशा) तसं ते अगदीच चूक नाही. पण विषय ट्रकचा आहे, आणि तोही साध्या ट्रकचा नाही. वापरलेला, आणि आधीच्या मालकांनी आपापल्या हौसेने बदललेला. तिकडच्या बोलीत 'मॉडिफाइड'.

समीक्षा म्हटली की आपण पुस्तक शोधतो. आमचं म्हणणं असं, की ज्या वस्तूवर माणसांनी एकामागून एक हात चालवलेला असतो ती वस्तूही वाचता येते. रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये सित्रोएनच्या नव्या मोटारीवर लिहिलं, ते आमच्या विद्यार्थ्यांना आठवेल. पण बार्थ यांची मोटार कोरी होती. तिचा लेखक एकच, कारखाना. आमच्या ट्रकला तीन-चार लेखक आहेत, त्यांतले बहुतेक बेपत्ता आहेत, आणि शेवटचा जो समोर उभा आहे तो म्हणतो, सगळं मला ठाऊक आहे.

पिकअप म्हणजे काय, ते आधी सांगून टाकू. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. आपल्या टेम्पोचीच जात म्हटलं तर अमेरिकन माणूस दुखावेल, पण मुळात तसंच होतं. शेतकरी मंडळी मोटारीची मागची बाजू काढून तिथे स्वतःच लाकडी पेटारा ठोकत. ते पाहून फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवला आणि ती २८१ डॉलरला विकायला काढली. म्हणजे बघा, पिकअप ही जन्मानेच बदललेली गाडी. आधी माणसांनी बदल केला, मग कारखान्याने त्याची नक्कल केली. आज फोर्डची एफ-सिरीज १९७७पासून तिथला सर्वांत खपणारा ट्रक आहे, आणि त्यातल्या कित्येक ट्रकांच्या हौद्यात किराणामालाच्या पिशव्यांपलीकडे काही पडत नाही.

'अमेरिकन' हा शब्दही जरा तपासून घ्यावा. १९८१पासून तिथल्या प्रत्येक गाडीला सतरा चिन्हांचा एक क्रमांक असतो, त्याला 'व्हिन' म्हणतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. पहिलं चिन्ह १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत जोडलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत. अस्सल अमेरिकन म्हणून छाती फुगवून मिरवणाऱ्या कितीतरी पिकअपचा व्हिन ३ने सुरू होतो. आणि टोयोटाचा टुंड्रा मात्र टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओत बनतो. बाहेर बनलेल्या हलक्या ट्रकवर तिथे १९६४पासून २५ टक्के आयातकर आहे. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर कर बसवला त्याचं उट्टं म्हणून तो लावला होता, म्हणून त्याचं नाव आजही 'चिकन टॅक्स'. कोंबड्यांचं भांडण कधीच विसरलं गेलं, कर राहिला. असो.

आता बदल काय करतात? सर्वांत आवडता बदल म्हणजे उंची वाढवणं. कुणी दोन इंचांचा ठोकळा बसवून फक्त नाक वर करतो, कुणी सस्पेन्शन बदलून अख्खा ट्रक सहा इंच उचलतो. उंची वाढली की त्या खाली मोठी चाकं. मग लोखंडी बंपर, त्यावर ओढायची विंच, छतावर दिव्यांची पट्टी, एक्झॉस्टचा गडगडाट, इंजिनाच्या संगणकात 'ट्यून'. आपल्याकडे हे कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. नॉर्थ कॅरोलायनात एक फॅशन निघाली, पुढची बाजू उंच आणि मागची खाली, म्हणजे ट्रक दोन पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. चालकाला समोरचा रस्ता दिसेना, तेव्हा डिसेंबर २०२१पासून तिथे त्यावर बंदी आली. बाकी बरंचसं चालतं.

असा ट्रक विकत घ्यायचा कसा, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे. आणि तो विचारायचा तर एका निबंधाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ यांचा हा निबंध १९७० साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पानं मोजून तेरा. त्याच्यामुळे २००१ साली त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. निबंधाचं नावच 'लेमन्सचा बाजार'. लेमन म्हणजे अमेरिकन बोलीत खोटी निघालेली मोटार. युक्तिवाद असा : काही काळ गाडी वापरल्यावर ती चांगली की वाईट हे मालकाला कळलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. सरासरी भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो ती बाजारातून काढून घेतो. आता बाजारात उरलेल्यांची सरासरी आणखी खाली. मग भाव आणखी खाली, आणखी चांगल्या गाड्या बाहेर. अशा पायऱ्या उतरत बाजारच नाहीसा होऊ शकतो.

आम्ही हा निबंध वर्गात ज्ञानमीमांसेचा पाठ म्हणून शिकवत असू, आणि आजही आमचं मत आहे, की तेरा पानांत एवढं काम करणारं गद्य विरळा. अवघड गणित नाही, शब्दांचा फुगवटा नाही. पण त्यात एक गृहीत आहे. ते साध्या गाडीच्या बाबतीत खपून जातं. बदललेल्या ट्रकला धडकलं की तडकतं. गृहीत असं, की ज्ञान कुठेतरी *आहे*. विक्रेत्याच्या खिशात आहे, तो बाहेर काढत नाही एवढंच.

आपल्या नैयायिकांची इथे मदत होते. शब्द हे त्यांचं चौथं प्रमाण. पण कुणाचा शब्द? आप्ताचा. मराठीत आप्त म्हणजे नातलग झाला आहे, आणि नातलगांचा शब्द किती प्रमाण मानायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. (हशा) न्यायसूत्रांवरचे भाष्यकार वात्स्यायन आप्ताला दोन अटी घालतात. एक, वस्तू त्याला स्वतःला कळलेली हवी. दोन, जशी कळली तशी ती सांगायची इच्छा हवी. कूळ-गोत्राची अट नाही. ऋषी, आर्य, म्लेच्छ, तिघांनाही लक्षण एकच, असं ते म्हणतात. म्हणजे ह्यूस्टनचा ट्रकवालादेखील आप्त होऊ शकतो.

आता ताडून बघा. ॲकरलॉफ यांचा विक्रेता पहिली अट पुरी करतो आणि दुसरीत घसरतो. त्याला कळलेलं आहे, सांगायचं नाही. बदललेल्या ट्रकचा विक्रेता पुष्कळदा दुसरी अट पुरी करतो आणि पहिलीत घसरतो. त्याला सांगायचं आहे, अगदी ऊर भरून सांगायचं आहे, पण त्याला कळलेलं नाही. आणि कळलेलं नाही हेही कळलेलं नाही. लबाडीवर अर्थशास्त्राने पुष्कळ इलाज शोधले : हमी, ब्रँड, परवाना. हे सगळे इलाज स्वतः ॲकरलॉफही सांगतात. प्रामाणिक अज्ञानावर त्यांतला एकही लागू पडत नाही. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा करता येते. ज्याला ठाऊक नाही आणि ठाऊक आहे असं मनापासून वाटतं, त्याला कुठल्या कलमाखाली धरणार?

हे आम्ही हवेत बोलत नाही. आमचा भाचा टेक्सासमध्ये असतो. गेल्या वर्षी त्याने ट्रक घ्यायचं मनावर घेतलं. नवा परवडेना म्हणून जुना. दर शनिवारी त्याचा फोन, आणि आम्ही दोघं इथे स्पीकर लावून बसायचो. हिला ट्रकमध्ये रस नव्हता, सूनबाईंच्या बोलण्यात होता. त्याने पाहिलेला पहिला ट्रक सहा इंच उचललेला, पस्तीस इंची चाकांचा. विकणारा हा तिसरा मालक. जाहिरातीत तेच वाक्य. मीटरवर ९२ हजार मैल.

आम्ही त्याला म्हटलं, अरे, चालकाचं दार उघड आणि खांबावर चिकटवलेला कागद वाच. कारखान्याने बसवलेल्या टायरचं माप त्यावर लिहिलेलं असतं. त्याने वाचलं : २७५/६५ आर १८. आता हिशेब करा. टायरची रुंदी २७५ मिलिमीटर, तिच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७९ मिलिमीटर बाजूची उंची, ती दोनदा, अधिक १८ इंचांची रिम. एकूण व्यास जवळजवळ ३२ इंच. ट्रकवर चाक पस्तीसचं. ट्रकचा मीटर मैल मोजत नाही, तो फेऱ्या मोजतो आणि त्यांचे मैल करतो. फेरी मोठी झाली हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल, तर तो १०० मैल दाखवतो तेव्हा ट्रक १०९ मैल गेलेला असतो. काटा सत्तरवर असतो तेव्हा वेग साडेशहात्तर. आणि ते ९२ हजार, मोठी चाकं पहिल्यापासून असतील तर, लाखाच्या वर जातात.

मीटर मागे फिरवणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे. इथे कुणी मागे फिरवला नाही. कुणी खोटं बोललं नाही. तरी आकडा खोटा. मग भाच्याने विचारलं, चाकं कधी बसवली? 'माझ्याकडे आला तेव्हाच होती.' संगणकात नवं माप भरून घेतलं का? 'भरलं असेल.' उंची कुणी वाढवली? 'चांगल्या दुकानात केलंय.' कुठल्या? तिथे संभाषण थोडं थंडावलं. भाचा रात्री फोनवर म्हणाला, "मामा, तो खोटं बोलत नव्हता हो. चांगला माणूस आहे. त्याने मला कॉफी दिली." आम्ही म्हटलं, तो चांगला आहे यात शंका नाही, पण आप्त नाही.

शब्द हरला, की अनुमानाकडे जावं. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. त्यावरून चाकाचं वय कळतं. पण हा मोठ्या चाकांचा पहिला जोड की दुसरा, हे कळत नाही. धूर दिसला की अग्नी आहे हे ठरतं. तो कधीपासून पेटला आहे हे ठरत नाही. आणखी एक जुनी युक्ती असते, पत्र्याला लोहचुंबक लावून पाहायची. पुट्टी भरून ठोकपीट लपवली असेल तिथे चुंबक धरत नाही. युक्ती उत्तम, पण २०१५पासूनच्या एफ-१५०चा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. तिथे चुंबक कुठेच धरत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो सगळा ट्रक पुट्टीचा आहे असं अनुमान काढून घरी येईल. हेत्वाभासाचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हांला चाळीस वर्षांच्या अध्यापनात सापडलं नव्हतं.

गाडीच्या इतिहासाचे छापील अहवाल मिळतात, कारफॅक्स वगैरे. त्यात अपघात, मालकीबदल, कुठल्या राज्यात नोंद होती, हे येतं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते चासी खातं. टेक्सासमध्ये विकायला उभा असलेला ट्रक दहा हिवाळे मिठात भिजलेला असू शकतो. खालून नवाकोरा काळा लेप दिसला, तर तो कशावर लावला आहे हे खरवडून पाहावं. पण अहवालात जे कुणीतरी कळवलं तेवढंच येतं. रविवारी दुपारी घरामागे, बिअरचा डबा शेजारी ठेवून बसवलेला ठोकळा कुठल्याही अहवालात येत नाही. दिव्यांच्या पट्टीसाठी कापून चिकटपट्टीने जोडलेली वायर येत नाही. उंची वाढल्यामुळे बॉल जॉइंट आणि पुढच्या आसांचे जोड ज्या वाकड्या कोनात रोज झिजत आहेत, तो कोन येत नाही. पुढच्या कॅमेऱ्याला आणि रडारला, जे आपोआप ब्रेक लावतात, रस्ता आता वेगळ्या उंचीवरून दिसतो आहे हे कुणी सांगितलं का, तेही येत नाही.

कायदा काय म्हणतो? व्यापाऱ्याने विकायचं असेल, तर १९८५पासून गाडीच्या काचेवर एक कागद लावावा लागतो. त्यात हमी आहे की गाडी 'ॲज इज', म्हणजे 'जशी आहे तशी', हे सांगावं लागतं. खासगी विक्रेत्याला हा कागदही लागू नाही. तिथे बहुधा सगळंच 'जसं आहे तसं'. हे शब्द ऐकून आम्हांला फार मजा वाटली. आपल्या परंपरेत यथार्थ ज्ञान म्हणजे वस्तू जशी आहे तशी कळणं. अमेरिकन करारात 'जशी आहे तशी' याचा अर्थ नेमका उलटा : ती कशी आहे हे मी सांगणार नाही, तुम्ही मला विचारायचं नाही. तत्त्वज्ञानाचं सगळ्यांत मोठं वचन तिथे जबाबदारी झटकायच्या कलमात जाऊन बसलं आहे.

आता पुन्हा निबंधाकडे. त्यात एक परिच्छेद आहे, ज्यावरून अर्थशास्त्राचे अभ्यासक भराभर पुढे जातात आणि आम्ही मात्र दरवेळी अडखळतो. ॲकरलॉफ १९६७-६८चं एक वर्ष दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. निबंधात भारतातले सावकार येतात, मॅनेजिंग एजन्सीज येतात. आणि अप्रामाणिकपणाची किंमत समाजाला कशी मोजावी लागते, हे सांगताना येते भारतीय गृहिणी. बाजारातून आणलेले तांदूळ तिला निवडत बसावे लागतात, कारण दाण्याच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे त्यात मुद्दाम मिसळलेले असतात.

निरीक्षण खरं आहे. साठच्या दशकातलं रेशनचं धान्य ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. पण त्यांच्या मांडणीत ते सूप, ती बाई आणि तिची दुपार, हे सगळं नुकसानीच्या रकान्यात पडतं. बाजार प्रामाणिक असता तर वाचली असती अशी वायफळ मेहनत. आम्ही तो परिच्छेद हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे खडे मुद्दाम घातले नसते, तर न निवडता शिजवले असते का त्यांनी?"

प्रश्न साधा आहे आणि निबंधाच्या मर्मावर आहे. खडा दुकानदाराने घातलेला असो की खळ्यातून आलेला, दाताला सारखाच लागतो. तांदळात किडा असतो, गवताचं बी असतं, कणी असते, जुन्यात नवा मिसळलेला असतो. त्यातलं पुष्कळसं दुकानदारालाही ठाऊक नसतं. ती ताटावर बोटं फिरवते तेव्हा ती फक्त लबाडीचा दंड भरत नाही. जे ज्ञान त्या क्षणापर्यंत कुणाकडेच नव्हतं, ते ती तिथे तयार करते आहे. मराठीने एक बरं केलं आहे : खडे वेचून काढणं आणि अनेकांतून एकाला पसंत करणं, दोन्हींना 'निवडणे' हा एकच शब्द. पहिलं केल्याशिवाय दुसरं होत नाही.

बदललेला ट्रक घेणाऱ्याला हेच करावं लागतं. ट्रकखाली सतरंजी घालून उताणं पडावं लागतं. नट हाताने हलवून पाहावे लागतात. चाक डावीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते पाहावं लागतं, कारण घासल्याची चमक पत्र्यावर राहते. मागच्या हुकाच्या तोंडाशी बोट फिरवलं, की ट्रकने किती ओढलं आहे याचा अंदाज येतो. आणि आपल्याला यातलं काही येत नसेल तर शंभर-दोनशे डॉलर देऊन स्वतंत्र मेकॅनिककडून तो वर उचलून तपासून घ्यावा. वात्स्यायनांच्या दोन्ही अटी पुऱ्या करणारा त्या सगळ्या व्यवहारातला तो एकटाच असतो. त्याला कळतं, आणि लपवण्यात त्याचा काही लाभ नाही. विक्रेता त्याच्याकडे ट्रक न्यायला नाही म्हणाला, तर त्या नकाराने जे कळायचं ते फुकटात कळतं.

निबंधाबद्दल आमची आणखी एक तक्रार आहे, ती जराशी लहान. त्याच्या गणितात गाडीचा चांगुलपणा ही एकच संख्या असते, शून्यापासून दोनपर्यंत, गिऱ्हाईक येण्याआधीच ठरलेली. पण पस्तीस इंची चाक युटाच्या खडकांवर चढणाऱ्याला गुण आहे आणि मुलीला शाळेत सोडणाऱ्याला दोष. दारावरच्या त्या कागदावर ट्रकने किती वजन वाहावं तेही छापलेलं असतं. उंची वाढवल्याने ते वाढत नाही, उलट जड बंपर आणि विंच त्यातूनच वजा होतात. विकणारा जी भर म्हणून सांगतो, ती माल वाहणाऱ्याच्या हिशेबात तूट असते. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

मोठी तक्रार शेवटी राखून ठेवली होती. निबंधात माणसं दोनच आहेत, विकणारा आणि घेणारा. या ट्रकच्या बाबतीत तिसरा माणूस असतो आणि तो कुठल्याच कागदावर सही करत नाही.

डिझेल ट्रकची गोष्ट घ्या. धूर गाळणारी यंत्रणा काढून टाकणं तिथल्या स्वच्छ हवा कायद्याने मना आहे. तरी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२०मध्ये जो अंदाज दिला, तो असा होता की आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांमधून ती काढली गेली. असा ट्रक विकताना 'डिलीट केलेला आहे' हे लपवत नाहीत. ते वैशिष्ट्य म्हणून सांगतात. इथे विक्रेत्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक आहे, दोघांची माहिती अगदी समसमान आहे. ॲकरलॉफ यांच्या कसोटीवर हा व्यवहार निर्दोष ठरतो. मागच्या गाडीत काच खाली करून बसलेल्याला मात्र कुणी विचारलेलं नाही.

आणि उंचीचं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा-संस्थेने, आय-आय-एच-एसने, २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड जमिनीपासून ४० इंचांहून उंच असेल, तर पादचाऱ्याला धडक बसल्यावर तो दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. चाळीस इंच म्हणजे चार वर्षांच्या मुलाची उंची. आणि हे कारखान्यातून आलेल्या बॉनेटांचं झालं. त्यावर सहा इंच चढवले की काय होतं, ते ट्रकच्या पुढे मूल उभं करून केबिनमधून पाहिलं तर समजेल. पिकअपच्या हौशी मंडळींना आम्ही नावं ठेवत नाही. आपल्या हाताने आपली वस्तू घडवण्यात जो आनंद आहे, तो दुकानातून डबा आणण्यात नाही, हे आम्ही जाणतो. बार्थ यांच्या सित्रोएनपुढे लोक नुसते भारावून उभे होते. हा माणूस निदान पाना हातात घेतो. पण आपल्या वस्तूचा अर्थ आपण लावला म्हणजे तो रस्त्यालाही मान्य झाला, असं होत नाही.

भाच्याने तो पहिला ट्रक सोडला. दोन महिन्यांनी दुसरा पाहिला. तोही उचललेला, पण तीन इंच, चाकं तेहतीसची. विकणारा एक निवृत्त वेल्डर. जाहिरातीत ते वाक्य नव्हतं. त्याच्याकडे एक फुगलेली फाइल होती : प्रत्येक कामाची पावती, आणि प्रत्येक पावतीवर त्या दिवशीचा मीटरचा आकडा पेनने लिहिलेला. चाकं बदलल्यावर संगणकात माप भरल्याची पावतीसुद्धा. भाच्याच्या प्रश्नांना त्याने तीनदा सरळ उत्तर दिलं, 'ते मला माहीत नाही, माझ्याआधीचं आहे.' मेकॅनिककडे न्यायला तो आपणहून तयार झाला, आणि तिथे ट्रक वर गेल्यावर मेकॅनिकपेक्षा जास्त दोष त्यानेच दाखवले. किंमत पहिल्यापेक्षा चौदाशे डॉलर जास्त होती. भाच्याने घासाघीस केली नाही.

फाइलबरोबर त्याने एक जड खोकंही दिलं. त्यात कारखान्याच्या मूळ स्प्रिंगा होत्या, तेल लावून गुंडाळलेल्या. त्या परत बसवल्या तर बॉनेट तीन इंच खाली येतं. सूनबाईंनी टेप घेऊन मोजलं आहे. आमच्या नातीला चौथं लागलं आहे, ती अंगणात सायकल फिरवते, आणि सूनबाईंचं म्हणणं, या महिन्यात बसवून घे. भाचा म्हणतो, दिवाळीनंतर बघू. हिने परवाच्या शनिवारी फोन आपल्या हातात घेतला आणि त्याला दिवाळीची तारीख विचारली.